काटा सगळ्यांसमोर

पालकहो,

जानेवारीतली गोष्ट सांगते. मिरचीचा हंगाम भरात होता. शाळा सुटल्यावर घरी परतताना वाटेत एके ठिकाणी तोलणी चालली होती. मिरचीच्या गोण्या एकामागून एक काट्यावर चढत होत्या. शेजारी रिकाम्या क्रेटवर बसलेला माझ्या वर्गातला एक मुलगा काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचत होता, आणि त्याचे वडील नुसतं ऐकत उभे होते. एरवी वर्गात हा मुलगा दशांश अपूर्णांक म्हटलं की खिडकीबाहेर बघतो. इथे पॉइंटनंतरचे आकडेसुद्धा सोडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बोलावून विचारलं, "तू का वाचत होतास रे आकडे?"

तो म्हणाला, "बाई, आधीच्या शेठचा काटा पाठमोरा असायचा. बाबा रोज घरी येऊन कुरकुरायचा, आईवर चिडायचा. या शेठने काटा आमच्याकडं वळवला. आता भाव कमी आला तरी बाबा कुरकुरत नाही."

पाचवीतल्या मुलाचं हे बोलणं मी दोन महिने मनात घोळवते आहे. भाव बाजाराने ठरवला होता, त्यात शेठच्या हातात फारसं काही नव्हतं. वजनही कदाचित पूर्वीइतकंच भरत असेल. बदललं होतं एवढंच, की काट्याचं तोंड फिरलं होतं. तेवढ्याने एका घरातली रोजची कुरकुर थांबली. आज तुमच्याशी बोलायला बसले ती या काट्यामुळेच.

कारण दर वर्षी जूनमध्ये तुमच्यापैकी कोणीतरी मला हमखास म्हणतं, "बाई, आमच्या पोराला जरा धीट करा. चार लोकांत बोलता आलं पाहिजे. लीडर झाला पाहिजे." बोईसरपासून डहाणूपर्यंत भिंतींवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांच्या जाहिराती लागतात. त्यांवर माइक धरलेला मुलगा असतो, कोट घातलेला. आपण शेताच्या बांधावरून, कंपनीच्या पाळीवरून, वाडीच्या मजुरीवरून आलेली माणसं. आपल्याला तो कोट आवडतो, कारण आपल्याला बोलता न आल्यामुळे काय काय सोसावं लागलं ते आपल्याला ठाऊक आहे. त्या इच्छेला मी नावं ठेवणार नाही. पण मुलाच्या हातात माइक देण्याआधी त्याला काटा वळवायला शिकवू या, एवढं मला आज सांगायचं आहे. बोलणं नंतर येतं. ज्याच्यावर चार जणांचा विश्वास असतो त्याला बोलायला जागाही मिळते आणि शब्दही सुचतात.

हे मी फार उशिरा शिकले, आणि शिकवणारी एक आई होती.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या शाळेत होते. वर्गाचा मॉनिटर निवडायची माझी पद्धत सोपी होती. जो वेळेवर येतो, ज्याचं अक्षर चांगलं, ज्याला गुण जास्त, तो मॉनिटर. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. मग एक दिवस एका पाड्यावरची बाई शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना. शेवटी म्हणाली, "बाई, माझी पोर सकाळी पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, मग एवढी चालत येते. ती वेळेवर कशी येईल? मग ती कधीच मॉनिटर व्हायची नाही का?" तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं.

त्याच आठवड्यात मी मधल्या सुटीत वाढपाकडे नीट बघितलं. माझा हुशार, वेळेवर येणारा मॉनिटर खिचडी वाढत होता. आपल्या दोस्तांच्या ताटात तो पळी खालपर्यंत घालून वाढे, म्हणजे डाळ आणि वाटाणे वर येत. पाड्यावरच्या मुलांच्या ताटात वरवरचं पातळ जाई. पळी तीच, मापही तेच, आणि तरीही धडधडीत पंक्तिप्रपंच. त्याला तो कोणी शिकवला होता? मी शिकवला होता. वर्षभर त्याने मला बघितलं होतं. माझं झुकतं माप कोणाकडे आहे ते त्याने बरोबर ओळखलं होतं आणि तेच पातेल्याजवळ उतरवलं होतं. मुलं आपलं भाषण ऐकत नाहीत, आपला हात कुठे वळतो ते बघतात.

मी ती पद्धत मोडली. दर आठवड्याला पाळीपाळीने दोघं वाढपी, एक गावातला आणि एक पाड्यावरचा, आणि नियम असा की वाढणाऱ्याने सगळ्यांत शेवटी जेवायचं. पातेल्यात उरेल ते त्याचं. पहिल्या आठवड्यात वाढप्यांच्या वाट्याला खरवडच आली. दुसऱ्या आठवड्यापासून पळी इतकी अचूक पडू लागली की शेवटच्या ताटातही डाळ असे. उशिरा येणारी ती मुलगी महिन्याभराने वाढपी झाली. मोठ्याने ती कधीच बोलली नाही, पण भांडणं तिच्याकडे येऊ लागली. पोरं म्हणत, तिला विचारा, ती खरं सांगते.

आता जरा जुन्या काळात जाऊ या. फार लांब नाही, आपल्याच मातीत. 1945 साल. तुमच्यातल्या कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी ते वर्ष अंगावर घेतलेलं आहे. तेव्हा डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वेठबिगार चालत असे. बोलावलं की मालकाच्या शेतावर फुकट राबायला जायचं. लग्नासाठी मालकाकडून थोडे पैसे घेतले की तो माणूस 'लग्नगडी' होई, आणि बायकोसकट त्या घरचा गडी होऊन राही. कर्ज फिटतच नसे, कारण हिशेबाची वही मालकाची, लिहिणारा मालकाचा आणि वाचता येणारंही कोणी आपलं नव्हतं. आपला होता तो फक्त अंगठा. माझ्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचं तर काटा पाठमोरा होता.

त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे आपल्याकडचे मोजके वारली गेले होते. त्यांतले माह्या धांगडा उभे राहून वेठीबद्दल बोलले. मग किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर इकडे आले. 23 मे 1945 रोजी झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली, सुमारे 5,000 माणसं जमली. आज झरी तळासरी तालुक्यात आहे. तिथे ठरलं ते असं: वेठ करायची नाही, रोज 12 आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचं नाही, मार खाऊन घ्यायचा नाही, आणि एकी सोडायची नाही. पुढे गवतकापणीच्या दिवसांत मागणी झाली, 500 पौंड गवताला अडीच रुपये.

या मागण्यांतले आकडे बघा. 12 आणे, 500 पौंड, अडीच रुपये. मला त्या फार मोलाच्या वाटतात, कारण त्यांत मोजता येत नाही असं काहीच नाही. 'आम्हाला नीट वागवा' अशी विनवणी केली असती तर कोणीही मान डोलावून विसरून गेलं असतं. त्यांनी वजन मागितलं आणि वजनाचा दर मागितला. न्याय म्हणजे काय हे ज्यांना एकही अक्षर येत नव्हतं त्या माणसांनी इतक्या नेमकेपणाने सांगितलं.

आणि गोदावरीबाई, आपल्या गोदूताई? त्या पुण्याच्या वकील घरातल्या. स्वतः कायद्याच्या पदवीधर. त्या काळात बाईने कायद्याची पदवी घेणं म्हणजे केवढी गोष्ट! त्या वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, तिथलं अन्न खाल्लं, पाड्या-पाड्यांतून पायी हिंडल्या. त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक तालुक्याच्या ग्रंथालयात मिळेल. 1972 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. राजकारण पटो वा न पटो, आपल्या घरांच्या इतिहासासाठी तरी ते वाचा. मुलांना वाचून दाखवताना काही पानांवर आवाज अडतो, तेवढं सांगून ठेवते.

पण त्याच वर्षीची दुसरी गोष्टही मुलांना सांगायला हवी, आणि ती आपण सहसा सांगत नाही. 10 ऑक्टोबर 1945. पाड्या-पाड्यांवर निरोप फिरला, की तलवाड्याला गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. निरोप खोटा होता. जमीनदारांच्या बाजूने तो पसरवला गेला होता. तिकडे पोलिसांना सांगितलं गेलं की आदिवासी हत्यारं घेऊन जमताहेत. लोक हजारोंनी आले, रात्रभर थांबले, कारण त्यांचं त्या बाईवर प्रेम होतं. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जणांचा जीव गेला, त्यांत जेठ्या गांगड होते.

किती साधा निरोप होता तो! आणि त्याने किती नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. अफवा नेहमी आपल्या सगळ्यांत हळव्या जागेवर येऊन बसते. 1945 मध्ये ती जागा म्हणजे गोदूताईंवरची माया. 2020 मध्ये ती जागा म्हणजे आपली मुलं. टाळेबंदी लागली होती, बाहेर कोणी नव्हतं, आणि मोबाइलवर फिरत होतं की रात्री मुलं पळवणारे येतात. 16 एप्रिल 2020 च्या रात्री आपल्याच डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार मारलं. त्यांनी कोणाचंही मूल पळवलं नव्हतं. ते वाटेने चाललेले प्रवासी होते.

त्यानंतर किती दिवस आपण आपल्या गावाचं नाव सांगताना चाचरलो ते आठवा. मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला सांगितलं, की 'कुठला?' असं कोणी विचारलं की तो नुसतं 'बोईसरकडचा' म्हणायचा. मी त्या रात्रीचं समर्थन ऐकून घेत नाही, आणि सगळ्या तालुक्याला दोष देणारं बोलणंही ऐकून घेत नाही. मला एवढंच कळतं की त्या रात्री तिथे असा एकही आवाज नव्हता, ज्याच्यावर सगळ्यांचा इतका विश्वास होता की त्याने 'थांबा' म्हटल्यावर हात थांबले असते. पोलीस होते, पण त्यांचंही कोणी ऐकलं नाही. असा आवाज एका रात्रीत तयार होत नाही. खिचडीच्या पातेल्याजवळ, पाणवठ्यावर, रेशनच्या रांगेत, वर्षानुवर्षं खरं वागून तो तयार होतो.

म्हणून घरच्या फोनकडे जरा बघा. आपल्या पालकांच्या गटावर आठवड्याला एकतरी निरोप असा येतो, ज्याच्या शेवटी लिहिलेलं असतं की ताबडतोब पुढे पाठवा. तुम्ही तो मुलांसमोर वाचता, घाबरता आणि पाठवता. पुढच्या वेळी मुलांसमोरच थांबा. मोठ्याने विचारा, हे कोणी बघितलं? कुठे? कधी? मला फोन करा, पोलीस ठाण्यात फोन करा. आणि जर निरोप खोटा निघाला तर ज्यांना पाठवला होता त्यांना, 'मी पाठवलं ते खोटं होतं' असं त्याच गटावर लिहा. हे लिहिताना हात जड होतो, मला ठाऊक आहे, मी एकदा लिहिलं आहे. पण तुमची मुलगी ते बघते. चूक कबूल केल्यावर माणसाची पत उतरत नाही, वाढते, हे तिला शिकवायला याहून चांगला धडा मला माझ्या पुस्तकात सापडलेला नाही.

1945 या वर्षाशी माझं आणखी एक नातं आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आपल्या वाणगावहून कोसबाड काही लांब नाही. जमल्यास एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. बालवाडी सुरू केली तेव्हा गरीब घरची मुलं येईनात. का? घरी धाकटी भावंडं सांभाळायची होती, गुरं चारायची होती. तेव्हा या बाई म्हणू शकल्या असत्या, की आम्ही शाळा उघडली आहे, येत नाही तर तो तुमचा दोष. मी वीस वर्षांपूर्वी तेच म्हटलं होतं, आठवतं ना? त्यांनी शाळाच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. आज देशभर जो शब्द वापरतात तो इथून निघाला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्या कुरणावर गेल्या. ती कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि मुलं शिकताहेत.

सगळ्यांना एकच नियम लावला की न्याय झाला, असं आपल्याला वाटतं. वेळेवर यायचा नियम स्टेशनजवळ राहणाऱ्या मुलाला आणि डोंगरापलीकडून चालत येणाऱ्या मुलीला सारखाच लावला, तर तो कागदावर सारखा आणि जमिनीवर वाकडा. अनुताईंनी हे कुठे व्याख्यान देऊन सांगितलं नाही. त्या चालत पाड्यावर गेल्या, मुलांना अंघोळ घातली, खरूज धुतली आणि मग अक्षरांकडे वळल्या. लोकांनी मुलं दिली ती त्या हातांकडे बघून.

असा विश्वास आधीपासूनच असावा लागतो. 2018 च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे जमीन हलू लागली, ते तर तुमच्या थोरल्या मुलांच्याही आठवणीत असेल. धुंदलवाडी, तळासरीकडे कित्येक महिने धक्क्यांवर धक्के. भिंतींना तडे गेले, माणसं थंडीत घराबाहेर झोपली, शाळा तंबूंत भरल्या. त्या दिवसांत मी तिकडच्या एका ओळखीच्या शिक्षिकेला भेटायला गेले होते. ती म्हणाली, ज्या पाड्यावर आधीपासून भांडणं होती तिथे ताडपत्रीवरून भांडण झालं. ज्या पाड्यावर आवणीला एकमेकांच्या शेतात उतरायची रीत अजून टिकली होती, तिथे म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना आधी आडोसा मिळाला. कोणी सांगितलं नाही, यादी केली नाही. धरणीकंप येऊन गेल्यावर एकी शिकता येत नाही, असं ती म्हणाली.

मग हे सगळं शिकायचं कुठे? घरात. आणि घरातल्या गोष्टी बोलताना मला थोडं कडू बोलावं लागेल, रागावू नका.

मासळी शिजते तेव्हा मोठा तुकडा कोणाच्या ताटात जातो? मुलाच्या की मुलीच्या? दोघं एकाच वेळी शाळेतून येतात, मग पाण्याचा हंडा तिच्याच डोक्यावर का? जत्रेला नेईन असं म्हणून तुम्ही नेलं नाहीत, तर का नेलं नाही ते सांगितलंत का? पैसे नव्हते म्हणून नेलं नाही, हे सांगायला कमीपणा वाटतो. पण 'या वेळी पैसे नव्हते' हे मुलाला समजतं. न सांगता मोडलेला शब्द समजत नाही. काही घरांत वडील वीटभट्टीवर जातात, दिवाळीनंतर सगळं कुटुंबच उठून जातं. त्या मुलांना सांगून जा, कधी येणार ते सांगा, आणि जमेल तर शिकण्यासाठी त्यांना मागे आजीजवळ ठेवा. मी आणि शाळा बघू. हा माझा शब्द आहे, आणि तो मोडला तर मला जाब विचारायचा.

आता शाळेकडे येते, कारण जाब विचारायचं म्हटलं तर सगळ्यांत आधी इथेच विचारायला हवा.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या 21 व्या कलमाने सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, म्हणजे चारातले तीन तुम्ही. निम्म्या जागा बायकांच्या. दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या विकासाचा आराखडा या समितीने करायचा आणि शाळेला आलेला पैसा कसा खर्च होतो त्यावर लक्ष ठेवायचं. आपल्याकडे अध्यक्षही पालकच असतो, मुख्याध्यापक सचिव.

आणि प्रत्यक्षात काय होतं? मी हे करून बसले आहे म्हणून सांगते. मागे एका शाळेत सभेला चार जणं आली. इतिवृत्त तर लिहायला हवं. आम्ही ते लिहिलं आणि नोंदवही घेऊन घरोघरी सह्या गोळा करायला निघालो. एक आई चुलीपाशी होती. तिने पदराला हात पुसले, मी बोट दाखवलं तिथे सही केली आणि हसून म्हणाली, "बाई, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." त्या क्षणी मला ते कौतुक वाटलं. रात्री झोप आली नाही. तिच्या आजीचा अंगठा घेतला गेला, कारण तिला वाचता येत नव्हतं. ही नात सातवी शिकलेली होती, वळणदार सही करत होती, आणि मी तिला न वाचता सही करायला लावलं होतं. विश्वास होता म्हणून. विश्वासाचा याहून वाईट वापर कोणता?

तेव्हापासून मी न वाचलेल्या पानावर सही घेत नाही. तुम्हीही देऊ नका, मला तर मुळीच देऊ नका. पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिल्लक आहे, ते विचारा. अचानक या, खिचडीची चव घ्या आणि चवीच्या नोंदवहीत खरं लिहा, खारट असेल तर खारट. शाळेला मिळालेल्या अनुदानाचा हिशेब फळ्यावर लिहायला सांगा. विचारलंत म्हणून कोणी शिक्षक तोंड वाकडं करील. करू द्या. हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास, ही आपल्या मनातली अढी काढायला हवी. त्या शेठने काटा वळवला म्हणून त्याचा धंदा बुडाला नाही, उलट आसपासच्या गोण्या त्याच्याकडे जाऊ लागल्या.

हेच ग्रामसभेचं. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्याने एखाद्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. तिथे मुलांना घेऊन जा. कोपऱ्यात बसू दे त्यांना. मोठी माणसं एकमेकांशी असहमत कशी होतात, हे त्यांनी बघितलं पाहिजे.

असहमतीवरून आठवलं. वाढवण बंदराचा विषय निघाला की आपल्या पट्ट्यात आवाज चढतात. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणूसाठी पर्यावरण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, 2019 च्या जानेवारीत ते गेले. त्याच प्राधिकरणाने डहाणूच्या वीज केंद्राला धुरातलं गंधक काढायची यंत्रणा बसवायला लावली. 1998 मध्ये त्याने बंदराला नकार दिला, 2023 मध्ये परवानगी दिली, आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झाली. कोणाला नोकरी दिसते, कोणाला बुडालेली मासेमारी. माझं स्वतःचं मत आहे, पण वर्गात मी ते सांगत नाही, कारण माझ्या एकाच बाकावर दोन मुली बसतात, एकीचे वडील मोर्चाला जातात आणि दुसरीचे काका बंदराच्या कामाची वाट बघत आहेत. दोघींचे डबे एक असतात. कधी कधी एक जण म्हणते, "माझे बाबा म्हणतात तुम्ही लोक विकले गेलात." मग त्या दिवशी डबे वेगळे होतात. तुम्ही रात्री जेवताना बोललेलं वाक्य दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या वर्गात पोहोचतं. तुमचं मत मांडा, हक्काने मांडा. फक्त समोरच्याला विकला गेलेला किंवा गावाचा शत्रू म्हणण्याआधी, त्याची मुलगी तुमच्या मुलीच्या डब्यातली भाकरी खाते हे आठवा.

पुढची पालकसभा. आत्तापर्यंत ती सकाळी अकरा वाजता होत असे, कारण ती वेळ आम्हाला सोयीची होती. वाडीवर जाणाऱ्या आया कधीच येऊ शकत नव्हत्या, आणि आम्ही अहवालात 'पालक उदासीन' असं लिहीत होतो. ते वाक्य मी खोडलं आहे. या वेळी सभा रविवारी संध्याकाळी, सहाची डहाणू लोकल येऊन गेल्यावर अर्ध्या तासाने, शाळेच्या अंगणात. पाड्यावरच्यांना परतायला अंधार होईल, म्हणून ज्यांच्याकडे टेम्पो किंवा रिक्षा आहे त्यांनी माझ्याकडे नाव द्या. कोणाची त्या दिवशी कंपनीत पाळी असेल तर बुधवारपर्यंत कळवा, तारीख पुढे नेऊ.

सभेत तांदळाची पोती सगळ्यांसमोर तोलायची आहेत. काटा मी आणते. आकडे वाचायला मुलगा ठरलेला आहे.